निळ्या दिव्याखालचा दात

सौंसर
३ ऑगस्ट १९८७

शकुताई,

जयभीम. पाकीट हातात आल्याबरोबर तू पहिले डाकेचा शिक्का पाहशील, की आता हा कुठं जाऊन बसला. फार दूर नाही. सौंसरलाच आहे. जिनिंग सोडलं. कापूस नाकात जातो अन् माणूस दिवसभर शिंकून राहतो, ते काही आपल्याला जमलं नाही. बस स्टँडच्या मागं विजयमाला म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे लागलो. हे सोडणार नाही.

काहून म्हणशील तं ऐक. बाईंकडे एक बंदूक आहे. पिस्तुलासारखी धरायची अन् घोडा दाबायचा. पुढं काचेची नळी आहे, तिच्यातून निळा उजेड निघतो. असा निळा मी कुठंच पाहिला नाही. नीलकंठाच्या पंखात नाही, वेल्डिंगच्या ठिणगीत नाही. (मी सर्कशीत कामाला होतो तेव्हा तिथं एक झूल होती निळी, हत्तीची, पण तिच्यावर तं तेलाचे डाग. त्या हत्तीचा एक दात अर्धा होता. ते मग सांगतो.) दाढेवर खाच असते ना, जिथं शेंगदाणा अडकतो, तिथं बाई एक थेंब मसाला सोडतात. मधासारखा पातळ. मी वरून उजेड धरतो अन् वीस मोजतो. वीस झाले की मधाचा दगड! सळईनं टोकलं तं टक टक वाजते.

ताई, आपले बाबा विटांच्या भट्टीवर होते. एक वीट पक्की व्हायला आठ दिवस धूर खायचे. इथं ना आग, ना ऊन, ना धूर. नुसता उजेड, अन् तोही माणसाच्या तोंडात. पहिल्या दिवशी मी मोजता मोजता तेरावर थांबलो अन् पाहतच राहिलो. बाईंनी कोपर मारलं तेव्हा चौदा म्हटलं. उघड्या डोळ्यानं पाहायचं नसते, म्हणून संत्र्याच्या रंगाची काच समोर धरायची. तिच्यातून पेशंटचं तोंड पाहिलं की वाटते आपण संत्र्याच्या आत बसलो अन् बाहेर कोणी दिवा लावला.

परवा रामाकोन्याच्या शाळेत शिबीर झालं. चौथी-पाचवीच्या एक्केचाळीस पोट्ट्या. दाढ किडायच्या आधीच तिच्या खाचा बुजवून टाकायच्या, म्हणजे कीड शिरायला जागाच नाही. बाईंनी मसाला सोडला, मी उजेड धरला, की बाई लगेच पुढच्या पोरीकडे. मागचं सारं सांगणं-समजावणं माझ्याकडे. मी बी मास्तरासारखं बोट उगारून सांगितलं, "थुंकायचं नाही! घंटाभर लाळ गिळून घ्यायची!" दात काढला की हेच सांगतात, थुंकलं तं रक्त थांबत नाही. हे मी पहिल्याच दिवशी शिकलो. एक्केचाळीस पोट्ट्या ओळीनं गाल फुगवून बसल्या. मसाल्यावर थोडा चिकटपणा राहतो, बोटाला लागतो. तो त्याचा तजेला असावा.

आता तुझं. कलमांची पट्टी दातानं तोडून तोडून तुझ्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला, तेव्हापासून तू पदर धरून हसतेस. बाई म्हणतात पांढरा मसाला येतो, दाताच्याच रंगाचा, पाहणाऱ्याला समजतही नाही. ये. उजेड मी धरीन.

शालिक


पांढुर्णा
११ ऑगस्ट १९८७

शालिक,

जयभीम. तुझं पत्र दोनदा वाचलं. "हे सोडणार नाही" हे तू सातव्यांदा लिहिलंस. जुनी पत्रं माझ्याकडे आहेत, मोजून सांगते.

उजेडानं दगड होतो हे तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. नुकतेच ड्युटीवरून आले होते. रेल्वेचे सांधे बदलून हात काळे झालेले, तसेच बसून ऐकलं अन् म्हणाले, "हा पोट्टा सर्कशीतून बाहेर आलाच नाई अजून." पण मी मानलं. तसंच नवल मी इथं रोज हातानं करते.

या दिवसांत संत्रं गळते. लिंबाएवढं झालेलं हिरवं फळ सकाळी झाडाखाली पडलेलं दिसते. त्यासाठी नत्थूजींच्या बगीच्यात फवारा चालू आहे अन् पुडी मोजायचं काम माझ्याकडे, कारण कलमाचे डोळे भरणाऱ्या बाईचा हात हलत नाही असं ते म्हणतात. एक पुडी दीड ग्रॅमची. चिमटीत मावते. आधी स्पिरिटात विरघळवायची, मग शंभर लिटरच्या ड्रमात. पाण्याला ना रंग येतो ना वास. मला वाटलं नत्थूजींना कोणी फसवलं. पण ज्या ओळीवर फवारलं तिथलं फळ धरून राहिलं, अन् बाजूच्या ओळीखाली सडा पडला.

मी विचारलं, नत्थूजी, एवढ्याशा पुडीत एवढी ताकद? तर म्हणाले, "ताकद नाई शकुंतले. खत म्हंजे जेवण. हा निरोप हाय. झाडाच्या अंगात असाच एक रस राह्यते, तो फळाले सांगते, पडू नोको. आपून त्याच्यासारखाच दुसरा कारखान्यातून आणतो, अन् झाडाले फरक समजत नाई." त्यांच्या पुतण्याला वाटलं जास्त टाकलं तर जास्त फळ. त्यानं तिप्पट टाकली. त्या झाडांची पानं ओला कपडा पिळावा तशी वाकडी झाली आहेत. मी रोज जाऊन पाहते. झाडाला कुठं लागलं नाही, जळलं नाही, नुसतं काहीतरी चुकीचं ऐकल्यासारखं दिसते.

म्हणून तुला दोन गोष्टी विचारते. एक, तो मसाला कशाचा आहे? दोन, वरचा चिकटपणा म्हणतोस, तो संध्याकाळी दातावर असतो का? नसेल तर गेला कुठं? डॉक्टरीणबाईंना विचारून लिही. उगाच हत्तीचं लिहू नको.

यायचं मनात आहे. पण सध्या बसचे धक्के सोसत नाहीत. सकाळी मळमळते. पित्त झालं असेल.

शकुंतला


सौंसर
१९ ऑगस्ट १९८७

ताई,

पित्ताला लिंबू घे, मीठ लावून. तुला लहानपणापासून उन्हाचं पित्त आहे.

तुझा पहिला सवाल विचारला. दुसरा विचारणार होतो, पण त्याच वेळी एक बुढा आला. त्याचा दात त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता, म्हणे हा परत बसवून द्या. बाई म्हणाल्या, "बाबा, हा तं बकऱ्याचा हाय." बुढा म्हणे, "बरोबर हाय, माहा दुसऱ्या खिशात हाय." या भानगडीत राहून गेलं.

पण पहिल्याचं ऐक. मी म्हटलं, "मॅडम, हा मसाला कशाचा हाय?"

"राळेचा."

"कोणत्या झाडाची?"

"झाडाची नाही रे, कारखान्याची."

"कारखाना कशापासून बनवते?"

बाई हसल्या. हसता हसता थांबल्या. डब्यासोबतचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, पानं उलटली. मग म्हणाल्या, "शालिक, आजपर्यंत कोणत्याही पेशंटनं हे विचारलं नाही. अन् मी बी विचारलं नाही. तुह्या डोक्यात कुठून आलं?" मी म्हटलं, माझी ताई संत्र्याला पुड्या देते. तुझं पत्रच दिलं वाचायला. पित्ताचा भाग अंगठ्यानं झाकला होता. बाई बगीच्यावाल्याच्या घरच्या, त्यांना पुडीचं बरोबर समजलं. त्यांनी तिथंच नागपूरला त्यांच्या कॉलेजातल्या रसायनाच्या म्हाताऱ्या सरांना पत्र लिहिलं. मी डाकेत टाकून आलो. येता येता पोपटवाल्याजवळ थोडा थांबलो, पण टाकलं.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची गोटमार झाली, की तू ये. मला माहीत आहे तुझ्या गावात त्या दिवशी अर्ध्या लोकांचे दात पडतात, तेव्हा आधी येऊ नको, इथं गर्दी राहील. भाऊजींना सुट्टी घ्यायला सांग. त्यांच्यापुढे मी दगड करून दाखवतो.

शालिक


पांढुर्णा
८ सप्टेंबर १९८७

शालिक,

शुक्रवारी तुझ्याकडून घरी पोचायला संध्याकाळ झाली. भाऊजींनी दार उघडलं अन् मी हसले. पदर न धरता. ते मला अनोळखी बाई समजल्यासारखं म्हणाले, "शकुंतला घरी नाई, मंग या." शेजारची सुनंदा आली, तिच्या सासूला घेऊन आली. कोपरा कुठं संपतो अन् मसाला कुठं सुरू होतो ते कोणालाच सापडलं नाही. मी आरशात अकरा वर्षांपूर्वीची बाई पाहिली.

तू बाहेरून पाहतोस. मी आतून पाहिलं ते सांगते. डोळे मिटले होते तरी निळं दिसलं. ओठ थोडा गरम झाला. तुझा आवाज वरून येत होता, पाच, सहा, सात, अन् माझ्या तोंडात काहीतरी आपल्या मनानं घट्ट होऊन राहिलं होतं. मला वाटलं, हात न लावता एवढं होते तर जगात अजून काय काय होत असेल, आपल्याला न विचारता.

मधातच लाइट गेली म्हणून घासून गुळगुळीत करायचं राहिलं. बाई "पुढच्या महिन्यात ये, घासून देते" म्हणाल्या अन् बाहेरच्या पेशंटकडे गेल्या. मग तू म्हणालास तसं केलं, थुंकले नाही. बसमध्ये अंबाडा गाव येईपर्यंत गिळत आले. कडवट होतं.

आता खरं लिहिते. ते पित्त नाही. मला चौथा महिना लागला आहे.

याच्या आधीचे दोन्ही पाचव्यात गेले, तू लहान होतास, तुला कोणी सांगितलं नसेल. म्हणून या वेळी पाचवा सरेपर्यंत कोणाला बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं. तुला तिथंच सांगणार होते. पण तुम्ही दोघांनी मिळून माझं तोंड उघडं ठेवलं होतं, सांगणार कशी?

लग्नाला अकरा वर्षं झाली, शालिक. पोटावर हात ठेवते तर वाटते ड्रमात पुडी टाकली आहे अन् अजून पाण्याला रंग नाही. पण आत काम चालू आहे.

तू मामा होशील. मनात ठेव.

शकुंतला


आमला जंक्शन
२१ सप्टेंबर १९८७

ताई,

हो, आमला. पळालो. आठव्यांदा.

गुरुवारी नागपूरच्या सरांचं पत्र आलं. बाईंनी मोठ्यानं वाचलं, मी कापसाचे बोळे करून राहिलो होतो. सरांनी लिहिलं की ही राळ ज्या द्रव्यापासून बनते त्याचं नाव बिसफिनॉल. पन्नास वर्षांपूर्वी विलायतेतले लोक बाईच्या अंगातल्या रसासारखा दुसरा रस कारखान्यात बनवता येतो का ते शोधून राहिले होते. त्या रसाला हार्मोन म्हणतात. त्यांनी हेच द्रव्य उंदरांच्या माद्यांना दिलं. त्या माद्यांचं अंडाशय काढून टाकलेलं होतं, म्हणजे अंगात तसा रस बनायची सोयच नव्हती. तरी त्यांचं अंग पाळीच्या दिवसांत होते तसं झालं. अंगाला फरक समजला नाही, ताई! त्याला वाटलं आपल्याच आतून निरोप आला. मग त्या लोकांना दुसरा जास्त जोरदार रस सापडला, म्हणून हा त्यांनी बाजूला ठेवला. मागून प्लास्टिकवाल्यांनी उचलला.

मी हातातला बोळा विसरलो. नत्थूजींचा निरोप, तोच निरोप. झाडाला एक, उंदराला एक. बाई म्हणाल्या, "पाह्य शालिक, तुह्या ताईनं पांढुर्ण्यात बसून विचारलं अन् उत्तर विलायतेतून निघालं." त्यांचा चेहरा असा झाला होता जसा माझा पहिल्या दिवशी तेरावर थांबलो तेव्हा झाला असेल.

सरांनी पुढं लिहिलं की घट्ट झालेल्या राळेतून हे द्रव्य किती सुटतं ते मला ठाऊक नाही, कोणी मोजलं असेल असं वाटत नाही. जे घट्ट होत नाही, वरचा चिकट थर, तेवढा मात्र अंगात जाऊ देऊ नये.

बाई म्हणाल्या, "म्हणून तं आपण कापसानं पुसतो, चूळ भरून थुंकायला लावतो. लावतो ना शालिक?"

मी म्हटलं, "हाव."

मी कापसानं फक्त हनुवटी पुसत होतो. तजेला जाऊ नये म्हणून दात सोडून.

बाई हात धुवायला गेल्या अन् मी चपला घातल्या. पांढुर्ण्याची बस लागली होती. तुझ्या गल्लीपर्यंत आलो. तू बाजेवर बसून डाळ निवडत होतीस अन् एकटीच हसून राहिली होतीस, नवा दात दाखवत, कोणी पाहत नसताना. मी तिथूनच वळलो. स्टेशनवर आलो, भाऊजी तिकडच्या टोकाला झेंडी धरून उभे होते, इकडून गाडीत चढलो. इथं फलाटावरच्या चहावाल्याकडे कपबशा धुतो.

एक्केचाळीस पोट्ट्या अन् तू. मी तुझ्या पोटात काय टाकलं, ताई? पाचवा महिना आता लागेल. मला मोजता येते, मी दिवसभर मोजतो. वीसच्या पुढं जात नाही.

शालिक


पांढुर्णा
२८ सप्टेंबर १९८७

शालिक,

हे पत्र भाऊजी स्वतः आणून देतील. त्यांच्यासमोर वाच. ते तुला मारणार नाहीत, मी शपथ घेतली आहे त्यांच्याकडून. चहा पाज.

तुझं पत्र वाचून मी तासभर बसून राहिले. भीती वाटली नाही असं लिहिणार नाही. जीभ सारखी त्या दातावर जाते. मग उठले अन् नत्थूजींकडे गेले. पोटाचं बोलले नाही, झाडाचं विचारलं, "पुडीचं पाणी भलत्याच झाडावर एकदा चुकून उडालं तर?"

म्हणाले, "किती उडालं?"

"थोडंसं. एकदाच."

"अन् झाड कवाचं? मोठ्या झाडाचं एक हाय, बहार धरलेल्याचं दुसरं, अन् आत्ता डोळा फुटून राह्यलेल्या कलमाचं तं तिसरंच. एकदा उडालं तं बहुतेक झाड निभावून नेते. तरी मी डोळ्यावर उडू देणार नाई. काहून विचारतं?" मग माझ्याकडे नीट पाहिलं अन् स्वतःच उठून मला सावलीत खाट टाकून दिली. पुडीचं काम त्यांनी मला त्या दिवसापासून दिलं नाही. मी सांगितलं काहीच नव्हतं.

तेव्हा कोणालाच पक्कं माहीत नाही, शालिक. तुझ्या सरांना नाही, नत्थूजींना नाही. माझ्या पोटाची भीती माझी आहे, भाऊजींची आहे. ती आम्ही दोघं सांभाळतो. तू ती घेऊन आमल्याला बसलास तर ती कमी होत नाही, फक्त कपबशा धुतल्या जातात.

पण रामाकोन्याचं ते तुझं आहे. डॉक्टरीणबाईंना वाटते पोरी थुंकल्या. पुढच्या शाळेतही त्यांना तेच वाटेल. मला निदान माहीत तरी आहे, त्या पोरींच्या आयांना तेवढंही नाही. परत जा अन् तोंडानं सांग. पत्रानं नाही.

अन् एक. काल दुपारी तांदूळ पाखडत होते. आत काहीतरी फिरलं. मासोळी पाण्यात वळते तसं, एकदाच. मी सूप तसंच धरून बसले. मागच्या दोन्ही वेळी असं फिरलेलं कधी जाणवलंच नव्हतं.

शकुंतला


सौंसर
१२ ऑक्टोबर १९८७

ताई,

भाऊजींनी मारलं नाही. आमल्यापासून सौंसरपर्यंत माझं मनगट सोडलं नाही, ते मारापेक्षा वाईट. दवाखान्याच्या दारात सोडलं अन् म्हणाले, "आत जाय. मी इथंच हाय, खिडकीतूनही पळता येणार नाई."

मी बाईंना उभ्यानंच सांगितलं. एक्केचाळीस पोट्ट्या, थुंकू नका, गिळा. हनुवटीचं बी सांगितलं. अन् तुझंही, चौथा महिना. बाई स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता हाकलतील. पण म्हणाल्या, "तुले 'पूस' म्हटलं. 'काहून पूस' हे मी सांगितलंच नाई. मलेच कुठं माहीत होतं, पुस्तकात लिहिलं म्हणून करत होती."

मी विचारलं, "ताईले काही होईल का?"

"मला वाटते नाही. एकच दात, एकच खेप, एवढंसं. पण शालिक, मला वाटते, एवढंच. माहीत आहे असं मी म्हणू शकत नाही." हे बोलताना त्या शुद्ध बोलल्या, दवाखान्यात मोठ्या माणसांशी बोलतात तशा. मग बाहेर जाऊन भाऊजींनाही तेच सांगितलं. भाऊजींनी हात जोडले, म्हणे, "खरं बोल्ल्या, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी रामाकोना. चिकट थर तं दोन महिन्यांत कधीचाच गेला, तो आता काही परत काढता येत नाही. पण बाई म्हणाल्या सांगायचं. हेडमास्तरीण लीलाबाईंनी आयांना बोलावलं होतं, निंदण सोडून आल्या होत्या. बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. उंदरांचं बी. एकीनं विचारलं, "मंग पोरीले पाळी लवकर यीन का?" बाई म्हणाल्या, "एकदा एवढंसं गेल्यानं येईल असं मला वाटत नाही. पण दरवर्षी याच महिन्यात मी येईन, प्रत्येकीला तपासीन, काही वेगळं दिसलं तर तुम्ही मला सांगा." नवी वही केली. एक्केचाळीस नावं. बेचाळिसावं तुझं, अन् पुढं अर्धी ओळ कोरी सोडली आहे.

मागच्या रांगेतली एक पोट्टी उभी राहिली. "दादा, मंग आता आमी आतून दगडाच्या होणार का?" सारा वर्ग हसला. मी नाही हसलो. मी बी तेच विचारून राहिलो होतो, आमल्याला. बाईंनी तिला जवळ घेतलं अन् संत्र्याची काच दिली पाहायला. तिनं खिडकीतून सगळं रामाकोना पाहिलं, म्हणे "अरे बाप्पा!" मग साऱ्यांनी रांग लावली.

आता कापसानं दात पुसतो, दोनदा. चूळ तीनदा. मी "थुंका!" असा ओरडतो की बस स्टँडवरचा कंडक्टर दचकतो. रामाकोन्याच्या पोट्ट्या बाजारात दिसल्या की लांबूनच म्हणतात, "थुंक्यादादा आला!" अन् खुर्चीत बसायच्या आधी प्रत्येक बाईला मी विचारतो, दिवस आहेत का, असतील तर हे काम बाळंतपणानंतर. काल अंबाबाईंना विचारलं. त्यांची काठी बसली. "मेल्या, माहा नातू तुह्याएवढा हाय!" बाई म्हणाल्या, विचार, पण पाहून विचार.

पाचवा चालू झाला असेल. मी विचारत नाही. तूच लिही.

शालिक


पांढुर्णा
२० ऑक्टोबर १९८८

शालिक,

जयभीम. बारा महिने एका जागी! भाऊजी म्हणतात सर्कस बंद पडली वाटते.

तुला वाटेल एवढ्यात पत्र कशाला, आत्ताच तर भेटून गेलास. पाचवा सरला तेव्हा मी पत्र लिहिलं नाही, सहावा सरला तेव्हाही नाही. लिहिलं की निसटेल असं वाटत होतं. मार्चात तू आलास तेव्हा कमल तीन दिवसांची होती अन् तू तिला हात लावायला घाबरत होतास. दोनदा हात धुतलेस. परवा आलास तेव्हाही तिच्या तोंडात बोट घालू दिलं नाहीस भाऊजींना.

आज सकाळी तिला पेज भरवत होते. चमचा टक वाजला.

मी पुन्हा वाजवला. टक.

ओठ खाली करून पाहिलं. खालच्या हिरडीत, मधोमध, तांदळाच्या कणीएवढा. निळसर पांढरा. मी सुनंदाला हाक मारायला उठले अन् परत बसून पुन्हा पाहिलं. शालिक, कोणी उजेड धरला नाही, कोणी वीस मोजले नाहीत. मी झोपले होते, पुडीची ओळ चुकली म्हणून पुतण्याशी भांडत होते, जात्यावर बसले होते, अन् तेव्हा तिच्या आत कुठून तरी कुठं तरी निरोप जात होता की आता दात धाड. एवढासा निरोप. न रंग, न वास. अन् तो बरोबर पोचला.

मी रडले. भाऊजी ड्युटीवरून आले तर म्हणाले, काय झालं, काय झालं? मी चमचा वाजवून दाखवला. त्यांनी तो स्वतः वाजवला. मग चारदा वाजवला. मग झेंडी खुंटीला लावायची विसरून हातात तशीच धरून बसले.

तुझ्या बाईंना सांग, वहीतल्या माझ्या नावापुढची अर्धी ओळ भरायला या. दरवर्षी या, रामाकोन्याला जाता तशा. मलाही अजून माहीत नाही पुढं काय, कोणालाच नाही, तेव्हा पाहत राहू. पण आजची तारीख टाका अन् पुढं लिहा, पहिला दात, खालचा, आपोआप.

दुपारी तिनं माझं बोट धरलं, तोंडात घातलं अन् त्या कणीनं चावली. चांगलीच. मी ओरडले तशी माझ्याकडे टक लावून पाहिलं, ओठ पुढं काढले, अन् सगळी लाळ माझ्या अंगावर थुंकली.

भाऊजी म्हणाले, "हे तं थेट मामानं शिकवलं."

शकुंतला